करंटकाका

करंटकाकांच्या ‘कसं काय, बरं आहे ना?’ला ‘हो, मजेत’ असं उत्तर दिलं की त्यांचा चेहरा उतरतो. मग ते जिन्यातच थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि आपल्याकडे टाचेपासून मानेपर्यंत बघतात. ‘डावा खांदा जरा खाली वाटतोय,’ एवढं पुटपुटून ते भाजी आणायला निघून जातात. आपण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत डावा खांदा दुखायला लागलेला असतो. संध्याकाळी बेल वाजते. दारात काका, काखेत रेक्झिनची बॅग. ‘मला वाटलंच होतं,’ असं म्हणत ते आपल्याआधी सोफ्यापर्यंत पोचतात.

त्या बॅगेत टेन्सचं मशीन असतं. खिशात मावेल एवढी डबी, आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, बाहेर दोन वायरी आणि वायरींच्या टोकांना मिळून चार चिकट पॅडं. पॅडं दुखऱ्या जागेच्या आसपास चिकटवायची, बटण हळूहळू फिरवायचं आणि कातडीवरून नसांना वीज द्यायची, अगदी थेंब थेंब. मुंग्या येतात, दुखणं मागे हटतं. निदान मशीन चालू असेपर्यंत आणि नशीब असेल तर नंतरही थोडा वेळ. फिजिओकडून परतताना लोक ‘करंट घेऊन आलो’ म्हणतात, त्यातलाच हा एक धाकटा, घरगुती करंट. याला नंबर लावावा लागत नाही. उलट करंटच आपला नंबर लावतो.

काकांचा आणि विजेचा संबंध जुना. उभी नोकरी त्यांनी बोर्डात काढली. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण काकांच्या तोंडात बोर्ड ते बोर्डच. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात ते यंत्रचालक होते. समोर पॅनेल, हातात लॉगशीट, दर तासाला रीडिंग आणि फोनवर सगळ्या डोंबिवलीच्या शिव्या. हजारो व्होल्टवर नजर ठेवलेला हा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या हाती राहिलं काय, तर घरातला पंख्याचा रेग्युलेटर. तोही काकू फिरवू देत नाहीत.

अशात त्यांना सायटिका झाली. फिजिओथेरपिस्टबाईंनी त्यांना पालथं झोपवून मशीन लावलं, तेव्हा काकांचं लक्ष दुखण्यावरून उडून मशीनवर गेलं. व्होल्टेज किती, फ्रिक्वेन्सी किती, अर्थिंग आहे का, अशी उलटतपासणी पालथ्यानेच सुरू झाली. बाई म्हणाल्या, ‘काका, मान वळवू नका.’ पुढच्याच आठवड्यात काका लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन बटणांचं करडं मशीन घेऊन आले. सायटिका गेली. पुष्कळशा सायटिका काही आठवड्यांत आपोआपच ओसरतात, हे मी त्यांना सांगायला गेलो नाही. त्या जाण्याने झालं मात्र असं, की काकांकडे यंत्र उरलं आणि दुखणं उरलं नाही. तेव्हापासून ते इतरांच्या दुखण्यांच्या शोधात आहेत.

काकांकडून मशीन लावून घेणं हा एक विधी आहे. आधी लॉगशीट. जुन्या डायरीत आखलेले रकाने: नाव, फ्लॅट नंबर, जागा, प्रकार. ‘प्रकार’ या रकान्यात नुसतं ‘दुखतं’ लिहून चालत नाही. ‘ठणकतंय, की सलतंय? चमक निघते की कळ येते? रग आहे, आग आहे, की नुसतं भरून आलंय?’ आपण गोंधळून ‘सगळंच’ म्हणतो. काका नापसंतीने ‘संमिश्र’ असं लिहितात. मग ठरलेले प्रश्न. पेसमेकर आहे? फिट्स येतात? हे प्रश्न ते क्रिकेट खेळताना पाय मुरगळलेल्या कॉलेजच्या पोरालाही विचारतात आणि ‘नाही’ हे उत्तर त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. बाईमाणूस असेल तर हे प्रश्न विचारायला काकूंना बोलावलं जातं, कारण त्यात दिवस गेल्याचाही प्रश्न असतो. आमच्या मजल्यावरच्या आजींना काकूंनी तो विचारला तेव्हा आजी इतक्या हसल्या, की त्यांची उसण तिथेच सुटली.

मग कातडी ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची. तेल लावलेलं असेल तर काका संतापतात, कारण तेलावर पॅड चिकटत नाही आणि पॅडं महाग आहेत. दोन्ही बटणं शून्यावर आहेत हे मोठ्याने म्हणायचं. बोर्डात लाईनवर माणूस चढवण्याआधी लाईन क्लिअर घेत, ती सवय त्यांच्या हाडांत गेलेली आहे. ‘चॅनल एक शून्य, चॅनल दोन शून्य, बंद,’ असं ते म्हणतात आणि समोरच्यानेही ‘बंद’ म्हणायचं असतं. एकदा एक जावईबापू मशीन चालू असताना पॅड आपल्या बोटांनी उचकटायला गेले आणि सगळा करंट त्या उरल्यासुरल्या कोपऱ्यातून आत शिरला. ते जे किंचाळले, तेव्हापासून सासुरवाडीत ते मऊ झाले असं म्हणतात.

आणि मग वीस मिनिटं.

काकांच्या उपचारपद्धतीचं मर्म या वीस मिनिटांत आहे. माणूस खुर्चीत बसलेला, शर्ट वर, पाठीला चार पॅडं, त्यांच्या वायरी काकांच्या हातातल्या डबीत. उठता येत नाही, फार हलता येत नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत वाजत असतो. आयुष्यभर उपकेंद्रात एकट्याने बसून काढलेल्या रात्रपाळ्यांचं सगळं बोलणं काकांच्या पोटात साठलेलं आहे आणि त्याला पळून न जाणारा श्रोता या मशीनने मिळवून दिला.

सुरुवात शरीराच्या वायरिंगपासून. ‘आपल्या अंगात नसा दोन जातींच्या. स्पर्शाच्या जाड, दुखण्याच्या बारीक. जाड कंडक्टरला रेझिस्टन्स कमी, शिवाय वरून इन्शुलेशन. म्हणून स्पर्शाची खबर सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास धावते. दुखण्याच्या ज्या सगळ्यांत बारीक तारा, त्या उघड्या! इन्शुलेशनच नाही! तिथे खबर सेकंदाला मीटरभर सरकली तरी पुष्कळ.’ हे सांगताना काकांना मनापासून राग येतो. ‘घरातलं वायरिंग असं केलं असतं तर इन्स्पेक्टरने पास केलं असतं का? देवाचं कसं चालून गेलं?’

त्यातली गंमत अशी, की काका सांगतात ते बरोबर असतं. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं, की मज्जारज्जूत एक फाटक असतं. स्पर्शाच्या जाड नसा जागत्या केल्या तर ते फाटक दुखण्याला अडवतं. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, तो याचसाठी. काकांच्या मुखातून हा सिद्धांत असा बाहेर पडतो: ‘सकाळची ८.१५ची फास्ट. डोंबिवलीला दारात आधीच माणसं लोंबकळताहेत. आता तुम्ही म्हणजे दुखणं. प्लॅटफॉर्मवर उभे, बॅग छातीशी. चढाल? आत जागा असेलही. पण दारच भरलंय! हे मशीन काय करतं, तर दार भरून टाकतं.’ ऐकणाऱ्याची कंबर मुळात त्याच दारात लोंबकळून गेलेली असते, त्यामुळे त्याला सिद्धांत चटकन पटतो.

मग बारा मिनिटांच्या सुमाराला इतिहास. वॉल आणि त्याचा मित्र स्वीट यांनी विजेचा हा प्रयोग पेशंटवर करण्याआधी स्वतःच्या डोळ्याखालच्या नसेत सुई खुपसून पाहिला, हे काका विशेष आदराने सांगतात. (‘आधी स्वतःच्या तोंडावर. आमच्या वेळचे साहेब असे असते तर!’) शीली नावाचा अमेरिकन सर्जन पाठीच्या कण्याशी विजेचं यंत्र बसवत असे. कुणाला ते लागू पडेल हे आधी पाहायला त्याने कातडीवरून करंट देऊन बघितला, तर काही लोकांचं तेवढ्यावरच भागलं. पोटभर जेवण मांडावं आणि पाहुण्याने चहावर समाधान मानावं तसं ते झालं. आणि शेवटी काका पहिल्या शतकातल्या रोममध्ये उतरतात. तिथे स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. पायाला संधिवाताचा ठणका लागला की तो रोग्याला समुद्रकिनारी ओल्या वाळूत नेई आणि जिवंत वीजमाशावर उभं करी, गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतो.

एकदा हे सांगत असताना काकू चहा घेऊन आल्या. काकूंचं माहेर मालवण. त्यांनी कपबश्या ठेवता ठेवता विचारलं, ‘कसला मासा?’

‘चपटा असतो. शेपटीचा. आपल्या वागळीच्या नात्यातला.’

‘वागळी? आणि तिच्यावर उभे राहिले?’ काकूंनी रोमन साम्राज्याबद्दल एका शब्दात मत दिलं. तो शब्द इथे देत नाही. ‘तिखलं करायचं सोडून!’

काका सगळ्यांना सारखाच करंट देत नाहीत. एका सेकंदाला ऐंशी-शंभर ठोके आणि सौम्य जोर, हा नेहमीचा. दुखणं जुनं, मुरलेलं असेल तर सेकंदाला दोन-चारच ठोके, पण जोर असा की स्नायू उडताना दिसला पाहिजे. या दुसऱ्या प्रकाराने शरीर स्वतःचीच वेदनाशामकं बाहेर काढतं, ती जातीने अफूच्या जवळची. ‘अंगातल्या अंगात अफू,’ काका आवाज खाली आणून सांगतात, ‘आणि लायसन लागत नाही.’ वरच्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा एकदा पोटावर लावून घ्यायला आला, पोटाला घड्या पाडायच्या म्हणून. काकांनी त्याला दारातून परत पाठवलं. ‘ते मशीन वेगळं. हे दुखण्याचं आहे, दिखाव्याचं नाही.’

मुलगी इंग्लंडात फिजिओथेरपिस्ट आहे, ही काकांची मिरवण्याची गोष्ट आणि दुखरी जागाही. २०१६ साली तिकडच्या नाईस या संस्थेने मार्गदर्शक नियम काढले आणि कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं स्वच्छ लिहिलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून. मुलीने व्हिडिओ कॉलवर हे बाबांना सांगितलं, तेव्हा काकांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. ‘दीडशे वर्षं यांचं ऐकलं, आता कंबरेचंही ऐकायचं?’ पुरावा गोळा करणं इथे अवघड आहे, हे काकांच्या बाजूने म्हणायलाच हवं. गोळीच्या जागी साखरेची गोळी देऊन फसवता येतं. मुंग्या न येणारं मशीन खरं म्हणून खपवायचं कसं? पेशंट लगेच म्हणेल, चालू करा की. मला विचाराल तर माझा निकाल मध्ये लटकलेला आहे. करंटने काहीतरी होतं. कुणीतरी वीस मिनिटं आपल्या पाठीकडे लक्ष देऊन बसलं, यानेही काहीतरी होतं. या दोन्हींचे मीटर वेगळे बसवता येत नाहीत.

मुलीशी समेट झाला तो नातवामुळे. तिच्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर तिने पाठीला टेन्स लावलं. तिकडे बायका सुरुवातीच्या कळांना ते लावतात, भाड्यानेही मिळतं. दोन पॅडं वर, दोन खाली, आणि कळ आली की जोर वाढवायचं बटण आईच्याच हातात. काकांना हे कळलं आणि त्यांनी पेढ्यांबरोबर बिल्डिंगभर बातमी दिली: ‘नातू करंटवर जन्मला!’ तळमजल्यावरच्या बाई घाबरून विचारायला आल्या, बाळ बरं आहे ना.

काकांची टिंगल करणं सोपं आहे आणि आम्ही ती मनसोक्त करतो. पण एका पहाटे चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांना बोलावलं. खांदा धरलाय, डावा हात जड झालाय, जबडाही दुखतोय, मशीन घेऊन या. काका बॅग घेऊन गेले, त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि बॅग उघडलीच नाही. रिक्षा बोलावली, जिना उतरू न देता खुर्चीत बसवून खाली आणलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. हृदयाचंच होतं. नंतर कुणीतरी विचारलं, मशीन का नाही लावलं? काका म्हणाले, ‘फीडर ट्रिप झाला तर आधी फॉल्ट शोधायचा असतो. तसाच चार्ज केला तर ट्रान्सफॉर्मर जातो.’ त्या गृहस्थांचं नाव लॉगशीटमध्ये आहे. ‘प्रकार’ रकान्यात ‘नकार’ असं लिहिलंय. गळ्यावर पुढून, डोक्यावर, छातीवर, जखमेवर काका मशीन लावतच नाहीत. सोसायटीत त्यांचे या मुद्द्यावर भांडून अबोला धरलेले पेशंट आहेत.

मशीनची एक खोड आहे. तोच ठोका, तोच जोर रोज दिला की काही दिवसांत शरीराला त्याची सवय होते आणि गुण येईनासा होतो. म्हणून काका फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. गोष्टी मात्र बदलत नाहीत. चौथ्या-पाचव्या बैठकीला वीजमासा पुन्हा किनाऱ्याला लागतो, तेव्हा श्रोत्याच्या चेहऱ्यावरून कळतं की त्या बाजूनेही गुण येईनासा झालेला आहे.

आणि काकू? काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला एका देवाचं नाव घेतात. पण काकांच्या हातून त्यांनी मशीन कधी लावून घेतलं नाही. गरम पाण्याची पिशवी, निर्गुडीचं तेल, सुनेने पाठवलेला मलम, सगळं चालतं, मशीन नको. काकांना हे फार लागतं. नोव्हेंबरात काका हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते, तेव्हा मी त्यांच्याकडे पेपर परत द्यायला गेलो. काकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांना पॅडं, डबी मांडीवर. समोर टीव्हीसुद्धा बंद. मला पाहून त्या अजिबात दचकल्या नाहीत.

‘मशीन चांगलंच आहे रे,’ त्या म्हणाल्या. ‘आवाज नसतो त्याला.’

पॅडांचा प्रश्न मात्र सोसायटीच्या पातळीवर गेला. एक जोडी किती जणांना लावायची? पहिल्या काही जणांनंतर ती चिकटेनाशी होतात, मग काका बोटाने पाण्याचा थेंब लावून त्यांना परत कामाला लावतात, आणि तिसऱ्या मजल्याचे केस दुसऱ्या मजल्याच्या पाठीला चिकटतात. शेवटी ठरलं की पॅडं ज्याची त्याने आणायची. आता काकांच्या कपाटात फ्लॅट नंबर लिहिलेली पाकिटं ओळीने लावलेली आहेत. भाडेकरूंची वेगळ्या डब्यात.

हे ठरलं त्याच वार्षिक सभेत आणखी एक गोष्ट झाली. सप्टेंबरचा रविवार, खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, गच्चीच्या गळतीवर तीन तास चर्चा. काका गेली कित्येक वर्षं एकच विषय मांडत आलेत: मीटर रूमचं अर्थिंग. खड्डा नव्याने खणा, मीठ-कोळसा भरा, नवी पट्टी टाका, नाहीतर एक दिवस नळातून शॉक बसेल. दर वर्षी हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी’ येतो आणि तोपर्यंत वडे आलेले असल्यामुळे पुढच्या वर्षी जातो. सेक्रेटरी या कामात तरबेज आहेत.

त्या दिवशी सेक्रेटरी खाली पडलेलं हजेरीपुस्तक उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. कंबरेत उसण. सगळे काकांकडे बघायला लागले. बॅग खुर्चीखालीच होती. सेक्रेटरींना खुर्चीवर उलटं बसवलं, पाठीकडे तोंड करून, शर्ट वर खोचला, पेसमेकर नाही, फिट्स नाहीत, ‘बंद’ म्हणून झालं, चार पॅडं चिकटली. काकांनी बटण फिरवलं. ‘मुंग्या आल्या की सांगा.’

‘आल्या.’

‘आता वीस मिनिटं हलायचं नाही.’ काका सभेकडे वळले. ‘अध्यक्षांच्या परवानगीने, मीटर रूमच्या अर्थिंगचा विषय.’

‘काका, तो आपण पुढच्या...’

‘हलू नका, पॅड सुटेल. जावईबापूंचं माहीत आहे ना?’

सेक्रेटरींना माहीत होतं. वडे येऊन निवायला लागले होते, पण सेक्रेटरी बांधलेले असताना सभा संपवता येईना आणि सभा संपल्याशिवाय वड्यांना हात लावता येईना. काकांनी अर्थिंग म्हणजे काय इथून सुरुवात केली. खड्ड्याची खोली सांगितली, कोळसा कुठून आणायचा ते सांगितलं, तीन कोटेशनं बॅगेतून काढली. ती बॅगेत किती वर्षं होती देव जाणे. खजिनदार म्हणाले, खर्च फार आहे. काकांनी त्यांच्या मानेकडे जरा रोखून बघितलं. खजिनदारांनी मान चोळली आणि गप्प बसले.

‘ठराव लिहून घ्या,’ अध्यक्ष म्हणाले. इतिवृत्ताची वही सेक्रेटरींच्याच हातात होती, खुर्चीच्या पाठीवर टेकवून ते लिहायला लागले. अक्षर जरा थरथरत होतं. ‘अनुमोदक कोण लिहू?’

‘तुम्हीच,’ काका म्हणाले. अंगठा बटणावर होता. ‘दुखतंय का अजून? थोडं वाढवू?’

‘नको, नको. लिहितो.’

ठराव एकमताने मंजूर झाला. मशीनची सात मिनिटं अजून बाकी होती, म्हणून काकांनी पाण्याच्या पंपाचा विषय काढला.